खैरुन्निसाचे दोनशे चाळीस दिवस

खैरुन्निसाला ऐकू येत नव्हतं, ही काही तिची मोठी तक्रार नव्हती. तिची तक्रार ऐकू येणाऱ्यांबद्दल होती. या लोकांना दिवसभरात एवढं सगळं बसल्या जागी कळतं, आणि त्यातलं चिमूटभर दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की यांच्या अगदी जिवावर येतं! "नंतर सांगते" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आता हे 'नंतर' नेमकं कधी येतं, ते कासारवाडीत कुणाला ठाऊक असेल तर त्यानं खुशाल सांगावं. वीस वर्षांत खैरुन्निसानं तरी ते आलेलं पाहिलं नव्हतं.

बासष्ट साली, अकरा वर्षांची असताना, तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पोरगी अंथरुणाला खिळून होती. ताप उतरला तो दोन्ही कान घेऊन गेला. अब्बांचं स्टेशनाजवळ सायकलचं दुकान होतं, घर खाऊन-पिऊन सुखी होतं, दवाखाने झाले, मन्नती झाल्या. काही उपयोग झाला नाही. शाळेत पाचवीला होती. मास्तर अब्बांना म्हणाले, "ऐकायलाच येत नाही तर ही शिकणार काय? घरी राहू द्या." झालं, शाळा संपली. फळ्यावर लिहिलेलं तिला पहिल्यासारखंच दिसत होतं, पण हे मास्तरांच्या डोक्यात आलं नाही आणि अब्बांच्याही आलं नाही.

वाचायची खोड मात्र सुटली नाही. पुडीचा कागद असो, तेलाच्या डब्यावरची चिठ्ठी असो, नाहीतर मागच्या महिन्याचं वर्तमानपत्र असो, खैरुन्निसा सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. समोरच्याच्या ओठांवरून बोलणंही तिला बरंच कळायचं, म्हणजे तो माणूस तोंड वर करून बोलला तर. स्वतः ती बोलायची, पण आपला आवाज केवढा लागतो ते तिला समजत नसे. कधी पुटपुटायची, कधी अशी ओरडायची की रस्त्यावरचा माणूस वळून बघे. मग तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली की राग यायचा. राग तर तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा.

आणि यावा का नाही? एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. ठरल्याचं तिला कळलं ते घरात नवे कपडे आले तेव्हा. निकाहाच्या वेळी मावशीनं खांद्याला धरून हलवलं, हिनं "कबूल" म्हटलं. खडकीच्या सासरी तिसऱ्या दिवशी सासूनं मागून हाक मारली, एकदा मारली, चारदा मारली, आणि बिंग फुटलं. हिला ऐकू येत नाही, हे तिकडच्या लोकांना सांगितलंच नव्हतं! आणि सांगितलं नव्हतं, हेही हिला कुणी सांगितलं नव्हतं. आता बोला! दोन वर्षं कशीबशी निघाली आणि खैरुन्निसा परत कासारवाडीला आली. तोवर अब्बा गेले होते. दुकान धाकट्या भावाकडं, शौकतकडं आलं होतं, आणि सायकली जाऊन तिथं स्कूटरी आल्या होत्या. शौकत चांगला होता. आपाला दोन वेळचं जेवायला घालताना त्यानं कधी कपाळाला आठी घातली नाही. पण आयुष्यभर भावाच्या घरात बसून खायचं, हे काही तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

म्हणून एकोणऐंशी साली ती भोसरीच्या एका कंपनीत बदली कामगार म्हणून लागली. कंपनी गाड्यांचे हॉर्न बनवायची. हसू नका. हॉर्न वाजवून बघायच्या खोलीला लागून एक टेबल होतं, तिथं दिवसभर असा कलकलाट चालायचा की दुसरी कुठलीही बाई दोन तासांत डोकं धरून उठायची. खैरुन्निसा तिथं शांतपणे बसून डबीवर झाकणं बसवायची. सुपरवायझर तिच्यावर फार खूश. त्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं, पण ती टेबलावर दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

अडचण होती ती फाटकात. बदली कामगारांनी रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, टाइमकीपरनं नावं पुकारायची, ज्याचं नाव येईल त्यानं "हजर" म्हणून आत जायचं. "हजर" आलं नाही की पुढचं नाव. टाइमकीपर यशवंतराव माणूस दुष्ट नव्हता, पण कायम घाईत, आणि तोंडात सदा तंबाखू. ओठ मिटलेले, बोलणं नाकातून. ते कोण वाचणार? पहिल्याच महिन्यात खैरुन्निसाचे अकरा दिवस बुडाले. त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी असायची हो! "मी इथं उभी आहे, दिसत नाही का?" म्हणून ती एकदा किंचाळली, तर तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम. हजर म्हटलंच पाहिजे."

त्यातून सोडवलं अंबुबाईनं. ही रहाटणीची, हाडापेरानं मोठी, नवरा वारलेला. निरक्षर होती, पण डोकं तल्लख. तिनं चार दिवस हा तमाशा बघितला आणि पाचव्या दिवशी, खैरुन्निसाचं नाव आलं तशी, तिच्या बरगडीत कोपर खुपसलं. खैरुन्निसा दचकून ओरडली, "हजर!" तेव्हापासून रोज सकाळी एक कोपर. अंबुबाई तिच्याशी बोलायचीही नीट, समोर उभी राहून, तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करून. "आज. लई. थंडी. हाय." असं. मनात असलं म्हणजे. मनात नसलं, किंवा बायांच्या घोळक्यात हसणं-खिदळणं रंगलेलं असलं, की अंबुबाईसुद्धा हात हलवायची, "काय न्हाई गं, नंतर सांगते."

या बायांना जे हवं होतं ते एकच, कायम व्हायचं. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बदलीचा माणूस कायम होण्याचा हक्क सांगू शकतो, हे भोसरी-पिंपरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंपनीलाही ठाऊक होतं. म्हणून आकडा दोनशे तीसच्या आसपास आला की ब्रेक. उद्यापासून येऊ नका, दोन महिन्यांनी परत पहिल्यापासून सुरू. पहिल्या वेळी खैरुन्निसाला दोनशे अठ्ठावीसला घरी बसवलं, दुसऱ्या वेळी दोनशे तेहतीसला. शौकतच्या गॅरेजातलं कॅलेंडर तिनं स्वयंपाकघरात टांगलं होतं, त्यावर ती रोज पेन्सिलीनं एक रेघ मारायची. ब्रेक लागला की महिनाभर त्या कॅलेंडराकडं बघायची नाही.

एक्याऐंशी साली अपंगांचं वर्ष आलं. म्हणे साऱ्या जगात होतं. पिंपरीत मांडव घातला होता, शौकत तिला तिकडं घेऊन गेला. लाउडस्पीकर होता. दोन तास भाषणं झाली. खैरुन्निसा पुढच्याच रांगेत ताठ बसली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिच्यासारखेच बहिरे बसवले होते. सगळे जण आदरानं त्या लाउडस्पीकरकडं बघत होते! परत येताना तिनं शौकतला विचारलं, "काय म्हणाले?" शौकत विचार करून म्हणाला, "तुम्हां लोकांना हक्क आहेत म्हणाले." "कुठले?" "ते बरेच आहेत म्हणाले." दोन तासांचं एवढंच हाती लागलं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पण निघताना स्टेजच्या कडेला सुतळीनं बांधलेला पत्रकांचा गठ्ठा तिला दिसला होता. तिनं त्यातलं एक मागितलं तर बिल्ला लावलेला एक तरुण म्हणाला, "ते पाहुण्यांसाठी आहे." खैरुन्निसानं सरळ एक ओढून घेतलं. चार पानं होती. बऱ्याच गोष्टी तिला लागू नव्हत्या, पण एका जागी लिहिलं होतं: तुमच्या कामाची माहिती तुम्हाला समजेल अशा रीतीनं मागा, ती उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागा. तिनं ते सातदा वाचलं. एवढी साधी गोष्ट! आणि ही बया इतकी वर्षं हात जोडून "काय झालं, काय झालं" करत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी ती यशवंतरावासमोर उभी राहिली. म्हणाली, "नावं पुकारता ती बोर्डावरही लावा. मला वाचता येतं."

यशवंतरावानं तंबाखू थुंकली, तेवढ्यापुरतं त्याचं तोंड मोकळं झालं. "एका बाईसाठी रोज यादी लिहीत बसू? मग माझं काम तू करणार का?"

"हा माझा हक्क आहे."

तो हसला. बाकीच्या बायाही हसल्या, आणि त्यात अंबुबाईही होती. खैरुन्निसाला ते लागलं.

त्याहून जास्त लागलं ते दसऱ्याच्या आसपास. युनियनची माणसं कँटीनमध्ये आली, बदली बायांची नावं लिहून घेऊन गेली. अकरा जणींची लिहिली. बारावी आतल्या टेबलावर डबीला झाकणं लावत बसली होती, तिला बोलवायला कुणी उठलं नाही. पंधरा दिवसांनी एकीच्या हातात युनियनच्या वर्गणीची पावती दिसली तेव्हा तिला पत्ता लागला. अंबुबाई म्हणाली, "अगं बाई, ऱ्हायलंच बघ. नंतर सांगनार हुते." खैरुन्निसानं तिच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. कोपर रोज बसत होतं, पण त्याबद्दल एक हसूसुद्धा तिनं परत दिलं नाही.

त्याच दिवसांत, दिवाळीच्या तोंडावर, तिला ते कलम सापडलं. फाटकाच्या आत भिंतीवर काचेच्या पेटीत कंपनीचे नियम लावलेले होते. वर इंग्रजी, खाली मराठी. कागद पिवळा पडलेला, काचेवर धूळ. त्या कंपनीत तो कुणी कधी वाचला असेल तर आपण मिशी उतरवू. बाया नावांची वाट बघताना गप्पा मारायच्या. हिला गप्पा नव्हत्या, ही वाचायची. रोज थोडं थोडं. सतराव्या कलमात लिहिलं होतं: बदली कामगाराचं काम थांबवायचं झाल्यास तशी लेखी सूचना आदल्या दिवशी फलकावर लावली जाईल, तशी सूचना न लावता काम थांबवता येणार नाही.

तिनं पदरानं काच पुसून पुन्हा वाचलं. लेखी! आणि आजवर दोन्ही वेळा यशवंतरावानं काय केलं होतं? संध्याकाळी अंगणात उभं राहून नुसतं ओरडून सांगितलं होतं. बोर्डावर चिटोरंही लावलं नव्हतं. म्हणजे ब्रेक देण्याची यांची रीतच मुळात नियमाला सोडून होती.

त्या वेळी अंबुबाई तिच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होती. खैरुन्निसानं तिच्याकडं बघितलं. सांगायला तोंडही उघडलं. मग तिला कँटीनमधल्या पावत्या आठवल्या आणि तिनं तोंड मिटलं. मला कुणी काही सांगतं का? मग मीच का म्हणून? माझी वेळ येईल तेव्हा हे माझ्या कामाला येईल. बसा बोंबलत.

असे दिवस भरत गेले. फेब्रुवारीत तिच्या कॅलेंडरावर दोनशे सदतीस रेघा झाल्या. इतरांच्याही एक-दोन इकडं-तिकडं. गुरुवारची सुट्टी होऊन गेली, शुक्रवारी शिफ्ट सुटताना यशवंतरावानं अंगणात उभं राहून बारा नावं पुकारली. उद्यापासून काम नाही, बिल्ले खिडकीत जमा करा, कागदावर अंगठा द्या. खैरुन्निसा तेव्हा नळावर हात धूत होती, पाठ अंगणाकडं. हात पुसले, फाटकात ओळखीला दाखवायचा आपला पितळी बिल्ला तिथल्या रोजच्या खिळ्याला अडकवला आणि ती घरी गेली.

शनिवारी सकाळी अंबुबाई आली नव्हती. बाकीच्याही दिसेनात, सगळ्या नव्याच बाया. यशवंतराव त्यांची नावं लिहून घेण्यात गढलेला, त्या तीन दिवसांत नावांचा पुकारा झालाच नाही. खैरुन्निसाचा बिल्ला मात्र खिळ्यावर होता. तिनं पहारेकऱ्याला विचारलं, त्यानं बिल्ला बघून नुसता हात केला, जा आत. सुपरवायझरला विचारलं, तर तो तिला बघूनच असा खुलला की प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. शिफ्ट बदलली असेल त्यांची, ती मनाशी म्हणाली. आपल्याला कोण सांगतंय! कार्ड पंच केलं आणि कामाला बसली. दोनशे अडतीस. रविवारी एकोणचाळीस. सोमवारी चाळीस.

सोमवारी घरी येऊन तिनं रेघ मारली ती अशी की कागद फाटला. "झाले!" ती ओरडली. शौकत जेवता जेवता दचकला, "काय झाले?" खैरुन्निसा भावाकडं बघून हसली आणि म्हणाली, "नंतर सांगते." वीस वर्षांत तिला पहिल्यांदाच हे म्हणायला मिळालं होतं!

मंगळवारी यशवंतरावाच्या ध्यानात आलं की बिल्ले अकराच जमा आहेत. तो धावत टेबलापाशी आला, हातवारे करून किंचाळू लागला. खैरुन्निसानं त्याला शांतपणे सांगितलं, "तंबाखू थुंका. मग बोला."

प्रकरण पर्सोनेलच्या साहेबाकडं गेलं. साहेब पुण्याचा, गुळगुळीत दाढी केलेला. त्याचे ओठ छापील अक्षरासारखे स्वच्छ दिसत होते. तो म्हणाला, "बाई, तुमचं काम शुक्रवारीच थांबवलं. तुम्हाला सांगितलं होतं."

"कसं सांगितलं?"

"तोंडी."

"मला? तोंडी?"

साहेबानं यशवंतरावाकडं बघितलं. मग साहेबानं खणातून कागदांची चळत काढली, वरचा एक तिच्यापुढं सरकवला आणि बोटानं खालची रिकामी जागा दाखवली. "हे बघा, बाकी अकरा जणींनी दिलेत. बिल्ला जमा केल्याची पोच आहे नुसती. तुम्हीही अंगठा द्या, दोन महिन्यांनी बोलावतो."

खैरुन्निसानं कागद उचलला. मराठीत होता. मी माझ्या राजीखुशीनं काम सोडत असून माझी कंपनीविरुद्ध कसलीही मागणी उरलेली नाही. तिनं दुसऱ्यांदा वाचलं. खालच्या कागदावर जाड, काळा, ठसठशीत अंगठा होता आणि बाजूला नाव होतं, अंबुबाई.

"माझी राजीखुशी नाही," ती म्हणाली. आवाज केवढा लागला कोण जाणे, बाहेरचे दोन कारकून उठून आत आले. "चला माझ्याबरोबर. सतरावं कलम दाखवते. बोर्डावर कागद लावला होता का? दाखवा कुठं आहे. नाहीतर मी लेबर ऑफिसात जाते आणि त्यांना सांगते, की ब्रेकची सूचना तुम्ही बहिऱ्या बाईला ओरडून दिलीत!"

साहेब तिच्यामागं फाटकापर्यंत आला. कलम वाचलं. चष्मा काढून परत वाचलं. मग पाठ फिरवून यशवंतरावाशी बराच वेळ बोलला. काय बोलला ते तिला दिसलं नाही, यशवंतरावाचे कान तेवढे लाल होताना दिसले. शेवटी वळून म्हणाला, "जा कामावर. तुमचे दोनशे चाळीस धरतो. कायमचं पत्र काढू."

असं खैरुन्निसाचं काम झालं. आनंद झाला का? झाला, अर्धी घटका. मग तिच्या मनानं उचल खाल्ली. म्हणजे ब्रेक शुक्रवारीच झाला होता! अकरा जणींना कळलं, मला एकीनंही सांगितलं नाही? आणि ती अंबुबाई? तिनंही नाही? गुरुवारची सुट्टी आली तशी ती तरातरा पवनेचा पूल ओलांडून रहाटणीला गेली, भांडायलाच.

अंबुबाई अंगणात तूर पाखडत होती. खैरुन्निसानं बसायचीही वाट बघितली नाही.

"ब्रेक लागला तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

अंबुबाईनं सूप खाली ठेवलं. तिच्या समोर येऊन उभी राहिली, तोंड उघडून, सुटं सुटं बोलली. "मी बघितलं तुला. नळावर. पाठ हुती तुजी. म्हनलं, हिला कळलं न्हाई. कळलं न्हाई तर ही उद्या येनार. बिल्ला हाय, आत जाईल. एक तरी आत ऱ्हाईल. म्हनून मी गप बसले. आनि बाकीच्यांना बी गप केलं."

खैरुन्निसाचा सगळा आवेश जागच्या जागी गळाला. तिनं कसंबसं तो कागद काय होता ते सांगितलं. राजीखुशीनं सोडलं म्हणून लिहिलं होतं, तुझा अंगठा मी पाहिला. अंबुबाई आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली. "पावती हाय म्हनला यशवंतराव," ती म्हणाली.

"मी तिथं असते तर वाचून दाखवला असता. आणि अंगठा द्यायची गरजच नव्हती. बोर्डावर कागद लावल्याशिवाय त्यांना ब्रेक देताच येत नाही. काचेत लिहिलंय. सतरावं कलम. त्याच्यावरच मी आत राहिले."

अंबुबाईनं वर बघितलं. "ह्ये तुला कवापासनं ठावं हाय?"

खोटं बोलायला काय लागत होतं? परवा वाचलं म्हणायचं. अंबुबाईला अक्षर येत नव्हतं, ती कशाला शोधायला जाते! खैरुन्निसा दोन्ही हातांनी पदर पिळत उभी राहिली.

"दिवाळीपासून," ती म्हणाली.

अंबुबाईनं सूप बाजूला सारलं. मग जवळ आली आणि नेहमीसारखी, तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मग. आमाला. का. न्हाई. सांगितलंस?"

त्यातला एकही शब्द खैरुन्निसाला परत विचारावा लागला नाही.